भिंतीला लावलेलं पोकलेन

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी चहा होण्याआधीच शेजारच्या प्लॉटवर आरडाओरडा झाला. गॅलरीतून पाहिलं, तर आमच्या सोसायटीची मागची भिंत पलीकडे झुकलेली आणि खालच्या खड्ड्यातल्या पोकलेनने तिला बकेट लावून धरलेलं. पडणाऱ्या माणसाला कुणी छातीवर हात ठेवून थोपवावं, तसं.

शेजारची जुनी इमारत पाडून तिथे नवी होते आहे. गाड्यांसाठी तळघर हवं म्हणून हा खड्डा. तो त्यांनी आमच्या भिंतीच्या पायापर्यंत सरळ उभा कापत आणला. ही भिंत नुसतं कुंपण नाही. आमच्या पार्किंगखालची सगळी मातीची भर तिने अडवून धरली आहे, आणि पार्किंगला लागूनच तळमजल्याची घरं आहेत.

शर्ट चढवून खाली गेलो. मशीनवर भैरू नावाचा माणूस आहे, तिशी ओलांडलेला, मांजरी गावाकडचा. भिंत हलताना त्यालाच दिसली. कुणाला न विचारता त्याने मशीन फिरवलं आणि बकेट टेकवली.

"आता सोडायचं कसं?" मी विचारलं.

"सोडलं की ग्येली, काका."

साइट इंजिनीअर विक्रम धावत आला. तरुण आहे, दोन्ही हातांत फोन. "काका, टेन्शन नका घेऊ. उद्या लोखंडी टेकू येतायत. ते लागले की मशीन काढू." मी त्याला सांगितलं की कारखान्यात माझं सगळं आयुष्य हायड्रॉलिक प्रेसच्या दुरुस्तीत गेलं. तो हात जोडून म्हणाला, "म्हणजे देवच भेटला."

हे घरी येऊन हेमाला सांगितलं. ती म्हणाली, "देवाचा चहा गार झालाय."

बुधवार, ५ फेब्रुवारी

टेकू आले नाहीत. चाकणहून निघाले आहेत म्हणे.

दुपारी विक्रमचा फोन: "काका, लिव्हर डेड झालेत." इंजिन चालू, पण भैरू लिव्हर ढकलतो आणि काहीच होत नाही. थोड्या वेळाने आपोआप सुरू. पुन्हा बंद. भिंत तेवढ्यात पडत नाही, कारण कोंडलेलं तेल बकेटला धरून ठेवतं. पण ती पुन्हा दाबायची वेळ आली, तर?

मीटर घेऊन गेलो. निवृत्त झाल्यापासून कपाटात पडून होता. सेल बदलले.

अशा मशीनमध्ये ऑपरेटरच्या डाव्या हाताला एक सेफ्टी लिव्हर असतो. तो वर केला की सगळे लिव्हर बहिरे होतात, म्हणजे चढता-उतरताना धक्का लागून अपघात होत नाही. त्याच्या खाली एक स्विच. स्विचमधून वीज केबिनमागच्या एका छोट्या व्हॉल्व्हला जाते, आणि तो उघडला तरच लिव्हरना तेलाचा दाब मिळतो. त्या व्हॉल्व्हवर मीटर लावला. चोवीस व्होल्ट. भैरूला म्हटलं, सीटवर जरा हल. शून्य. पुन्हा हल. चोवीस.

मग फार शोधावं लागलं नाही. सीटच्या पट्टीखाली वायर घासून उघडी पडली होती. तेवढा तुकडा कापून नवा जोडला, टेप गुंडाळली. लिव्हर जिवंत. भैरूने खिशातली तंबाखू पुढे केली. मी खात नाही, पण बरं वाटलं.

किती दिवसांनी हाताला ग्रीस लागलं. साबणाने निघत नव्हतं, मीही फार घासलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

टेकू आले, पण आखूड. परत पाठवले.

आज भैरूने हाक मारून दाखवलं: "काका, मागं सरतंय बघा." बकेट जागच्या जागी राहत नाही, कणाकणाने सैल होते. मग तो डावा लिव्हर जरा पुढे ढकलतो आणि ती पुन्हा भिंतीला चिकटते. मी सिलेंडरच्या चकचकीत दांड्यावर खडूची रेघ मारून पाहिली. दांडा हळूहळू बाहेर येतो आहे. म्हणजे तेल कुठेतरी आतल्या आत निसटतं आहे.

दोनच जागा संभवतात: सिलेंडरचं सील किंवा वरचा व्हॉल्व्ह. ओळखायची रीत सोपी आहे. मशीन बाजूला घ्यायचं, बकेट जमिनीवर टेकवायची, सिलेंडरचा एक होज पाइप सोडायचा आणि तेल येतं का बघायचं. आलं तर सील गेलं. पोरखेळ आहे.

फक्त इथे बकेट जमिनीवर टेकवता येत नाही. होज सोडला तर भिंत खाली.

विक्रमला हे समजावलं. तो म्हणाला, "पण भैरू ढकलत राहिला तर होल्ड होतंय ना?" म्हटलं, होतंय. "मग झालं तर, काका. दोन ऑपरेटर ठेवतो, शिफ्टमध्ये." दुसरा माणूस सोनबा, वयाने मोठा. तो मशीनवर चढण्याआधी भिंतीकडे बराच वेळ बघत उभा राहिला. सावध माणूस दिसतो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्येच झाली, झुकलेल्या भिंतीच्या या बाजूला. फरश्यांमध्ये आता बोट जाईल एवढी भेग आहे. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी याच बिल्डरशी चालू आहेत, म्हणून सेक्रेटरींचं म्हणणं, तक्रार वगैरे करून वातावरण बिघडवू नये. "आपल्यात अनंतराव आहेत. तज्ज्ञ माणूस. त्यांनाच विचारू."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं तेच सांगितलं: वायरचा बिघाड काढला, तेलाची गळती आहे पण आटोक्यात आहे, मशीन धरून आहे.

तळमजल्यावरच्या द्वारकाताई खुर्ची घेऊन बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, एकट्याच असतात. त्यांचं स्वयंपाकघर त्या भिंतीच्या सगळ्यात जवळ. त्या म्हणाल्या, "भाचा न्यायला येतो म्हणतोय. पण तुम्ही म्हणताय तर मी कशाला जाऊ?" टाळ्या नव्हत्या, पण तशासारखंच काहीतरी झालं. मला अवघडल्यासारखं झालं. वाईट मात्र वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

हेमा मीटिंगमध्ये एकदाच बोलली. तिने विक्रमला विचारलं, "एवढं चाललंय, त्यापेक्षा भिंतीला लागून खड्डा परत मुरमाने भरून का टाकत नाही?"

विक्रम हसला. "काकू, मग खोदलेलं सगळं वाया जाईल ना."

मीही हसलो. तिला त्यातलं कळत नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी पुन्हा लिव्हर मेले. माझी वायर तपासली, पक्की आहे. व्हॉल्व्हवर वीज येते आहे, कॉइल ओढल्याचा टक्क आवाज येतो आहे, तरी तेल पुढे जात नाही. म्हणजे या वेळी बिघाड विजेचा नाही. आत कचरा अडकून व्हॉल्व्हमधली सरकती दांडी चिकटते आहे. सलग चालून तेल तापलं आहे, जुना गाळ सुटला असणार.

व्हॉल्व्ह काढून धुवायला हवा. काढायला मशीन बंद हवं. मशीन बंद करता येत नाही.

काही सुचेना, म्हणून पान्याच्या दांड्याने व्हॉल्व्हवर टकटक केलं. सुटला! भैरू केबिनमधून ओरडला, "आलं, आलं!" दुपारपर्यंत असंच: तो ओरडतो "ग्येलं", मी मागे टकटक करतो, तो ओरडतो "आलं". शेवटी विक्रमने माझ्यासाठी केबिनमागे एक स्टूल ठेवलं. मी पाना घेऊन तिथेच बसून राहिलो. वर पाहिलं तर हेमा गॅलरीत उभी होती. मी हात केला. तिने केला नाही. ऊन डोळ्यांवर असेल.

मशीनचे मालक हिंमतराव संध्याकाळी येऊन गेले. खड्ड्यात पडलेला त्यांचा दगडफोडीचा ब्रेकर आणि जादा बकेट टेम्पोत भरून नेली. म्हणाले, "दुसऱ्या साइटवर लागतंय." नीटनेटका माणूस. विक्रमही हल्ली खाली खड्ड्यात येत नाही. फाटकापाशी खुर्ची टाकून तिथूनच सूचना देतो. वॉचमनने आपली मोटरसायकल रस्त्यापलीकडे लावली आहे. खड्ड्यात धूळ फार उडते, खरं आहे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

जेवताना हेमाने विचारलं, "तुम्ही तिथे नसता तर काय झालं असतं?"

"पहिल्याच दिवशी मशीन बंद पडलं असतं."

"मग?"

"मग काय, भिंत गेली असती."

"नाही. मग त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्याला घराबाहेर काढलं असतं आणि खड्डा भरला असता." तिने माझ्या ताटात भात वाढला. "तुम्ही चालू ठेवताय म्हणून त्यांचं भागतंय."

मला राग आला. म्हणालो, सगळ्या इमारतीसाठी मी या वयात स्टुलावर बसतो आहे. ती म्हणाली, "दिसतंय मला. सगळ्या इमारतीला दिसतंय. म्हणूनच कुणी जात नाही."

मुलाचा, आमोदचा, विश्रांतवाडीहून फोन होता, दोघं इकडे या म्हणून. हेमाची बॅग भरलेली आहे. ती गेली नाही, कारण द्वारकाताई जात नाहीत. द्वारकाताई जात नाहीत, कारण मी.

इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. ती म्हणते तसं असेल का?

बुधवार, १२ फेब्रुवारी

आहे. तसंच आहे.

सकाळी खडूच्या रेघा पाहिल्या. परवा भैरूला अधूनमधून लिव्हर ढकलावा लागत होता. आज हात काढताच येत नाही. तेल तापतं, पातळ होतं, जास्त निसटतं, म्हणून जास्त ढकलावं लागतं, म्हणून आणखी तापतं. यातून बाहेर पडायची वाट मशीनमध्ये नाही. जी दुरुस्ती करायला आधी भिंत सोडावी लागते, ती दुरुस्तीच नव्हे. हे मला शुक्रवारी कळायला हवं होतं. खरं तर शुक्रवारी मी हेच वाक्य जवळजवळ लिहिलं होतं.

फाटकापाशी जाऊन विक्रमला सांगितलं: आजच्या आज मुरूम टाका, आणि तोवर इमारत रिकामी करा.

"काका, शनिवारी तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, मशीन धरून आहे."

"शनिवारी होतं."

"आता पण आहे की." त्याने बोट दाखवलं. खरंच होतं. भिंत उभी, बकेट लागलेली, इंजिन चालू. "डंपर मिळत नाहीयेत, काका. सर बघतायत. उद्या टेकू नक्की."

तो माझ्याकडे बघत नव्हता. तोही कुणाचा तरी नोकरच.

सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "अनंतराव, आपण थकला आहात. जरा झोपा." तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या दाराला कुलूप होतं. दुसऱ्यावरच्यांच्याही. शनिवारी सगळ्यात जोरात मान डोलावणारे हेच दोघे. कधी गेले, कळलंच नाही.

द्वारकाताईंनी दार उघडलं. मी म्हणालो, ताई, निघा. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. "असं घाबरून कसं चालेल? तुम्ही आहात ना तिथे." चार दिवसांपूर्वीचं माझंच बोलणं त्या मलाच समजावून सांगत होत्या, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. त्यांच्या ओट्याच्या मागच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत बारीक तडा होता. त्यांनी त्यावर कॅलेंडर टांगलं होतं.

आज सोनबा कामावर आला नाही. फोन बंद.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आजचं क्रमाने लिहितो.

सकाळी भैरू एकटाच. कालपासून तोच बसला होता. हिंमतरावांनी फोनवर सांगितलं होतं म्हणे, उतरलास आणि काही झालं, तर तुझ्या अंगावर येईल. मी स्टुलावर बसलो. "ग्येलं." टकटक. "आलं."

साडेदहाच्या सुमारास वर पाहिलं, तर हेमा द्वारकाताईंचा हात धरून इमारतीच्या दारातून बाहेर येत होती. तिने काय सांगितलं, मला नंतर कळलं. तिने काहीच समजावलं नव्हतं. ती त्यांच्याकडे जाऊन म्हणाली, "ताई, मी घर सोडतेय आणि हे ऐकत नाहीयेत. मला एकटीला रस्त्यावर उभं राहायला भीती वाटते. तुम्ही येता का सोबत?" त्या पर्स घेऊन लगेच निघाल्या. त्यांना जाताना पाहून पहिल्या मजल्यावरचे निघाले, मग सेक्रेटरीही, गाडीची किल्ली शोधत. गाडी काढायला पार्किंगमध्ये कुणी जाऊ नका, असं मी खड्ड्यातून ओरडलो. कुणी तरी पहिल्यांदाच माझं ऐकलं.

इमारत रिकामी झाली. मी केबिनकडे गेलो.

भैरूचा डावा हात लिव्हरवर होता. पँट ओली झाली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "काका, जरा तिकडं बघा."

मी तिकडे पाहिलं. त्या क्षणी मशीनमध्ये नवा बिघाड काहीच नव्हता. लिव्हर चालत होते. दाब येत होता. आणखी तासभर चाललं असतं, कदाचित दोन.

"भैरू, खाली उतर."

"न्हाय काका. मालक..."

"मालक मी बघतो. वर कुणी नाहीये आता. उतर."

"सोडू?"

मला हो म्हणवेना. मी नुसती मान डोलावली. त्याने लिव्हर शेवटचा पुढे ढकलला, हात काढला आणि सेफ्टी लिव्हर वर केला. सवयीने. इंजिन बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. त्याला उतरवलं. खांद्याखाली हात घालून चढावरून फाटकापर्यंत आणलं.

मग आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहिलो. विक्रम फोनवर ओरडत होता, "ऑपरेटर उतरलाय, सर, ऑपरेटर उतरलाय!" अग्निशमनची गाडी आली, त्यांनी दोरी बांधली आणि तेही आमच्याबरोबर बघत उभे राहिले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. एवढी माणसं एका भिंतीच्या पडण्याची वाट बघत होती. कुणीतरी बिस्किटं वाटली. भैरू फुटपाथवर बसला होता आणि त्याचा डावा हात मधूनमधून पुढे ढकलल्यासारखा हलत होता. त्याला ते कळत नव्हतं.

बकेट मागे सरकताना दिसत नव्हती. भिंत आणि बकेट यांच्यात उजेडाची फट दिसेल असं वाटत होतं, पण ती दिसलीच नाही, कारण भिंतही बरोबरच येत होती. इतक्या हळू, की माझ्याशेजारचा माणूस म्हणाला, "नाही पडत हो."

मग मधला भाग पोटातून फुटला. आवाज मोठा नव्हता. माती मात्र बराच वेळ येत राहिली. पार्किंगच्या फरश्या, स्कूटर, पाण्याच्या टाकीचं झाकण, आणि शेवटी द्वारकाताईंच्या स्वयंपाकघराचा कोपरा, खिडकीसकट. केबिन दिसेनाशी झाली.

धूळ बसली तेव्हा सगळे गप्प होते, म्हणून ते ऐकू आलं. मातीखालून इंजिनचा आवाज येत होता. चालूच होतं. मग धापा टाकल्यासारखं झालं, आणि थांबलं.

द्वारकाताई म्हणाल्या, "दूध गॅसवर ठेवलं नव्हतं ना मी?" हेमा म्हणाली, "नाही ताई. मी बघितलं होतं."

शनिवार, १५ फेब्रुवारी, विश्रांतवाडी

आमोदकडे आहोत. इमारतीत कुणाला जाऊ देत नाहीत. कधी देतील, देतील का, कुणी सांगत नाही.

आज चौकीत बोलावलं होतं. हिंमतरावांनी लिहून दिलं आहे, ऑपरेटर चालू मशीन सोडून पळाला म्हणून भिंत पडली. बिल्डरकडूनही तेच.

साहेबांनी विचारलं, "मशीन तेव्हा चालू होतं?"

"होतं."

"लिव्हर काम करत होते?"

चौकीत शिरण्याआधी सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं: म्हणा, लिव्हर मेले होते. सगळ्यांनाच सोपं जाईल. पटणारं होतं. आठवडाभरात ते कितीदा मेले होते.

"करत होते," मी म्हणालो.

"मग ऑपरेटर उतरला का?"

"मी उतरवलं."

"कारण?"

नोकरीत प्रत्येक बिघाडापुढे कारण लिहायची सवय. विजेचं, नाहीतर तेलाचं. दोन्ही इथे होतं, आणि दोन्ही मी सांगू शकलो असतो.

"त्याला आदल्या दिवसापासून कुणी सोडवायला आलं नव्हतं. लघवीलासुद्धा."

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे यांत्रिक बिघाडामुळे नाही?"

"बिघाड होते. पण त्यासाठी नाही उतरवलं."

त्यांनी तसंच लिहिलं, मी सही केली. याचं पुढे काय होईल, मला माहीत नाही. आमोद म्हणतो, वकील बघायला हवा होता, बाबा.

बाहेर भैरू बाकावर होता. त्याला अजून आत बोलावलं नव्हतं. मी शेजारी बसलो.

"काय सांगितलं, काका?"

"खरं सांगितलं."

तो म्हणाला, "मग मला काम कोन देनार आता?"

तेवढ्यात भैरूचं नाव पुकारलं गेलं, आणि तो शर्ट खाली ओढून नीट करत आत गेला. मी तिथेच बसून राहिलो. दार लोटलं होतं. आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.